सोमवारची वाटी भरलेलीच राहिली

मी एक जुना मसाल्याचा डबा आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, माझं डोकं गरम आहे. वीस वर्षं पोटात तिखट घेऊन बसल्यावर कोणाचं थंड राहील? पण आज मी तिखटामुळे चिडलेलो नाही. मला सगळं माहीत होतं, अगदी वाटीवाटीचा हिशेब माहीत होता, आणि मला तोंड नव्हतं. त्याचा हा राग आहे.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते अमरावतीचं भांड्यांचं दुकान. जाड स्टील, आत सात वाट्या, एक चिमुकला चमचा आणि वर असं घट्ट झाकण की पहिल्यांदा उघडणाऱ्याचं नख तुटावं. संध्याच्या मामानं तिच्या लग्नात आंदण म्हणून मला घेतलं. दुकानदारानं घर्र घर्र मशीन लावून माझ्या पाठीवर तिचं नाव कोरलं. दाढेत मशीन घातल्यावर माणसं कशी डोळे मिटतात, तसं माझं झालं.

संध्याचं सासर चांदूर बाजारच्या जवळच्या एका खेड्यात. नवरा देवमन, सासू लीलाबाई. शेत थोडं, पण पाण्याचं. झेंडू, शेवंती, वांगी आणि सांभार. पुण्याकडचे लोक त्याला कोथिंबीर म्हणतात, म्हणोत बापडे. पहाटे फुलं तोडायची, टोपल्या भरून अमरावतीच्या गाडीवर द्यायच्या, मग घरी येऊन स्वयंपाक. संध्याच्या हाताला चव होती आणि त्या चवीत माझा वाटा होता. पाहुणे भरीत खाऊन बोटं चाटायचे तेव्हा ती माझं झाकण लावता लावता हळूच हसायची. ते दिवस चांगले होते.

मग तिचं दुखणं सुरू झालं. आधी खांदे, मग पाठ, मग कंबर, मग सगळंच. सकाळी उठली की अंगावरून बैलगाडी गेल्यासारखी चालायची. माझं झाकण तिला उघडेना. ती मला पोटाशी धरून दोन्ही अंगठ्यांनी जोर लावायची आणि डोळ्यांत पाणी यायचं. हळदीच्या जागी धने पूड टाकायची, मीठ टाकलं की नाही ते आठवायचं नाही, भाजी दोनदा खारट व्हायची.

देवमननं तिला दाखवलं नाही असं नाही. चांदूर बाजार झालं, अमरावती झालं, अकोल्याला नणंदेकडे राहून तिथलंही झालं. रक्त तपासलं, एक्स-रे काढले, मोठ्या मशीनमध्ये घालून पाठीचा फोटो काढला. सगळे कागद एका प्लास्टिकच्या थैलीत ओट्याशेजारी खिळ्याला टांगलेले असायचे. प्रत्येक वेळी एकच उत्तर. रिपोर्ट नॉर्मल. घरात ही बातमी आनंदाची असायला हवी होती ना? पण तिच्यासाठी ती शिवीसारखी होती. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे बाईला काही नाही, बाईला कामाचा कंटाळा. लीलाबाई तसं तोंडावर बोलायच्या नाहीत. त्या फक्त मोठा श्वास सोडून स्वतः पोळ्या लाटायला बसायच्या, आणि संध्याला ते बोलण्यापेक्षा जास्त लागायचं.

अशी चार वर्षं गेली. त्यात माझी नोकरीही गेली. माझं झाकण उघडत नाही म्हणून नवा डबा आला, पारदर्शक झाकणाचा, सहज उघडणारा. मला घासून वरच्या फळीवर ठेवलं. शेजारी गंजका पाटा आणि फुटक्या कानाची बरणी. दोघंही बोलत नव्हते. मी तिथं दीड वर्ष काढलं आणि कोणी एकदाही खाली घेतलं नाही.

मला खाली काढलं प्रणालीनं. प्रणाली म्हणजे संध्याची मुलगी, अमरावतीला होस्टेलवर राहून शिकते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला तिनं आईला तिथल्या एका डॉक्टरबाईंकडे नेलं. त्या बाईंनी थैलीतले कागद बाजूला ठेवले आणि अर्धा तास नुसतं विचारलं. कुठं दुखतं, झोप कशी लागते, उठल्यावर कसं वाटतं, विसरायला होतं का. मग त्यांनी आजाराचं नाव सांगितलं. फायब्रोमायल्जिया. हे नाव आमच्या स्वयंपाकघरात कोणाच्याच तोंडात नीट बसलं नाही, पण त्या दिवशी घरी आल्यावर संध्या ओट्याला टेकून उभी राहिली आणि रडली. दुखण्यानं नाही. दुखण्याला नाव आहे म्हणून.

प्रणालीनं सगळ्यांना चहा दिला आणि डॉक्टरबाईंनी सांगितलं ते समजावून सांगितलं. या आजारात हाडात काही मोडलेलं नसतं, म्हणून फोटोत दिसत नाही. नसा दुखण्याचा निरोप मेंदूकडे नेतात, तो निरोपच मोठ्या आवाजात जातो. ही कॅप्सूल तो आवाज कमी करते. मूळ ही कॅप्सूल डिप्रेशनवर देतात, पण दुखण्यावरही चालते, आणि आईला ती दुखण्यासाठी दिली आहे. फरक पडायला चार ते सहा आठवडे. रोज एक, जेवणानंतर. मनानं बंद करायची नाही.

इतकं स्वच्छ सांगितलं पोरीनं. आणि बघा माणसं कसं ऐकतात. देवमननं ऐकलं सहा आठवडे. लीलाबाईंनी ऐकलं डिप्रेशन. आणि संध्यानं ऐकलं जेवणानंतर. हा शेवटचा शब्द ध्यानात ठेवा, सगळा घोटाळा तिथं आहे.

आईला गोळी घेतली की नाही ते आठवत नाही, म्हणून प्रणालीनं मला फळीवरून उतरवलं. लिंबू लावून घासलं, माझं झाकण सैल करून घेतलं आणि सातही वाट्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. सोम, मंगळ, बुध अशा. दर रविवारी रिकाम्या वाट्या भरायच्या, रोज त्या त्या वाराची एक कॅप्सूल घ्यायची. मित्रांनो, तुम्हाला सांगतो, मोहरी-जिऱ्यापेक्षा मला हे काम मोठं वाटलं. मी पुन्हा ओट्यावर आलो होतो आणि या वेळी बाईचं दुखणं माझ्या हवाली होतं.

पहिले पंधरा दिवस वाईट गेले. तिला मळमळायचं, तोंड कोरडं पडायचं, जांभया थांबायच्या नाहीत. पण तिनं सोडलं नाही. दुसऱ्या महिन्यात एका सकाळी ती खुर्ची न घेता, उभ्यानं कणीक मळत होती. आपण उभ्या आहोत हे तिच्याही लक्षात नव्हतं. नंतर एकदा प्रणाली सुट्टीत आली तर संध्यानं तिची वेणी घातली. हात वर करून. वेणी जरा सैल झाली होती, पण पोरगी दिवसभर ती सोडायला तयार नव्हती.

सगळं दुखणं गेलं नव्हतं. अर्धं गेलं असेल. डॉक्टरबाई म्हणाल्या, याहून जास्त फरक पडायला पाहिजे, रोज घेता ना? संध्या म्हणाली, हो, रोज. घरी येऊन तिनंच लीलाबाईंना हे सांगितलं आणि मी ओट्यावर बसून नुसता तापलो. कुठं रोज? सोमवारी तिचा उपास. सोमवारची वाटी भरलेली. चतुर्थीला उपास. ती वाटी भरलेली. एकादशीला उपास, तीही भरलेली. बाई खोटं बोलत नव्हती हो. तिच्या मनात हिशेब अगदी सरळ होता. डॉक्टरांनी जेवणानंतर सांगितलं आहे, उपासाला जेवण नाही, म्हणून उपासाला कॅप्सूल नाही. इतक्या इमानानं तिनं डॉक्टरांचं ऐकलं की औषधच बिघडवलं. रविवारी ती फक्त रिकाम्या वाट्या भरायची, भरलेल्या वाट्यांकडे पाहायचीसुद्धा नाही.

आणि याच स्वयंपाकघरात, याच ओट्याशी, दर सकाळी ती लीलाबाईंच्या हातावर बीपीची गोळी ठेवायची. पाण्याचा पेला द्यायची. सोमवारीसुद्धा. एकादशीलासुद्धा. एकदाही तिच्या डोक्यात आलं नाही की यांची चालते तर माझी काहून नाही? मला वाटायचं, स्वतःचं झाकण फेकून तिच्या पायावर मारावं.

डॉक्टरबाईंना खरं कळलं नाही, म्हणून त्यांनी मोठी कॅप्सूल दिली. मोठी असली म्हणजे चुकली की जास्त महागात पडणार, हे मला कळत होतं. त्यातच श्रावण आला. श्रावणात सोमवार, शनिवार, शिवाय हे व्रत, ते व्रत. माझ्या वाट्या भरलेल्याच. ती मधूनच भिंत धरायची आणि म्हणायची की आज डोकं हलकं लागते. त्याचा आणि वाटीचा संबंध कोणीच लावला नाही.

मग भादवा आला. आमच्याकडे महालक्ष्म्या, म्हणजे पुण्याकडच्या गौरी, हा घरातला सगळ्यात मोठा सण. त्याच्या आधीच्या सोमवारी उपास, मंगळवारी हरतालिकेचा कडक उपास, बुधवारी गणपती बसले तेव्हा तिनं जेवून कॅप्सूल घेतली. गुरुवारी ऋषिपंचमी. ऋषीची भाजी खाल्ली, पण ते काही जेवण नाही म्हणून कॅप्सूल नाही. शुक्रवारी सोवळ्याची आवराआवर निघाली आणि लीलाबाई म्हणाल्या की गोळ्या-बिळ्यांचा डबा सोवळ्यात नको. मी पुन्हा वरच्या फळीवर. शुक्रवार गेला, शनिवारी महालक्ष्म्या आल्या, रविवारी पूजा. सात दिवसांत एक कॅप्सूल तिच्या पोटात गेली होती आणि सहा माझ्या.

रविवारी मी फळीवरून सगळं पाहिलं. पहाटेपासून संध्या चुलीपुढे. सोळा भाज्या, पुरणपोळ्या, कढी, वडे, ज्वारीची आंबील. नैवेद्य होईपर्यंत पाण्याचा घोट नाही. तिचे हात थरथरत होते. मान वळवली की ती डोळे मिटून थांबायची. अकोल्याहून आलेली नणंद सीमा पानं मांडत होती. पानं वाढून झाली, आरतीला माणसं जमली, आणि संध्या आंबिलीचं पातेलं घेऊन उठली ती दारातच कोसळली. आंबील पार महालक्ष्म्यांच्या पुढच्या रांगोळीपर्यंत गेली.

भाजलं नाही, नशीब. पण नैवेद्य सांडला. लीलाबाई जागच्या जागी बसल्या. संध्या शुद्धीवर आल्यावर म्हणाली, "डोक्यात करंट लागल्यावानी होते. मान हलवली का लागते."

सीमा काही वाईट बाई नाही. पण तिनं महिनाभर आधीच गोळीच्या पाकिटाचा फोटो अकोल्याच्या एका मेडिकलवाल्याला दाखवून ठेवला होता आणि आता तिनं ते सगळ्या पाहुण्यांसमोर काढलं. वहिनीला डिप्रेशनची गोळी चालू आहे, अशा गोळ्यांची नशा चढते, माणूस झिंगते, त्यापायीच हे झालं. पाहुण्या बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. वेडाची गोळी हा शब्द कोण बोललं ते मला दिसलं नाही, पण ऐकू आला.

देवमन घाबरला होता. तो म्हणाला की आजपासून गोळ्या बंद. आणि मला वाटलं होतं, निदान संध्या तरी भांडेल. जी बाई चार वर्षांनी उभ्यानं कणीक मळायला लागली, ती तरी म्हणेल की मला गोळीनं बरं वाटतं. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "नको मले. मले लोकायनं येडी म्हटलेलं नाई चालत."

मित्रांनो, सहा भरलेल्या वाट्या माझ्या पोटात होत्या. साक्षीदार मी होतो. कोणी नुसतं झाकण उघडलं असतं तर कळलं असतं की जिच्यावर खापर फोडता ती गोळी या बाईनं चार दिवस घेतलेलीच नाही. खोलीत तीस माणसं होती. एकाचाही हात फळीपर्यंत आला नाही.

पितृपक्षाचे दिवस मी विसरणार नाही. दुखणं परत आलं, आणि दबा धरून बसलेलं असावं तसं आलं. डोक्यातले झटके आठ-दहा दिवसांत थांबले, पण अंग जागचं हलेना. केस विंचरायला हात वर जाईना. शेतात झेंडू फुलायला लागला होता, दसरा तोंडावर होता, आणि ही बाई पलंगाच्या कडेला बसून पाय खाली टेकवायलाच पाव तास घ्यायची. प्रणाली फोनवर विचारायची तर सांगायची, मी ठीक आहे, तू अभ्यास कर. देवमन पाठीला तेल चोळून द्यायचा. त्यालाही कळत होतं की उन्हाळ्यात बरं होतं, पण ते बोलायचं कसं हे त्याला कळत नव्हतं.

एके दिवशी लीलाबाईंनी मला खाली काढलं. हेतू चांगला नव्हता. गोळ्या फेकायच्या, डबा घासायचा आणि त्यात तिखट भरायचं. त्यांनी झाकण काढलं आणि हात थांबला. लीलाबाई शाळेत गेलेल्या नाहीत, पण सात वार आणि सात वाट्या मोजायला शाळा कशाला लागते? एक रिकामी, सहा भरलेल्या. त्या मला घेऊनच संध्याच्या पलंगापाशी गेल्या.

"काहून वो संध्या, ह्या काहून राह्यल्या?"

"उपास होते ना, आत्याबाई. जेवणानंतर घ्या म्हणे, अन् जेवण तं नव्हतं."

"सोमवारीबी नाई घेत?"

"नाई."

लीलाबाई मला मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला टेकल्या. मग म्हणाल्या, "अन् मले तं तू एकादशीलेबी गोळी देतं. आपल्या हातानं."

"तुमचं बीपी आहे, आत्याबाई. तुमाले खरोखरचं काही आहे."

हे ती अगदी साधेपणानं बोलली. रागानं नाही, टोमणा म्हणून नाही. चार वर्षं घरानं जे तिला न बोलता सांगितलं होतं, तेच तिनं परत केलं. लीलाबाईंनी माझं झाकण लावलं, मला तिच्या उशाशी ठेवलं आणि उठल्या.

त्यांनी देवमनला शेतातून बोलावून घेतलं. प्रणालीला फोन लावला. प्रणालीनं डॉक्टरबाईंना विचारलं आणि संध्याकाळी उत्तर आलं. चक्कर आणि करंट गोळीमुळे नव्हते, ते गोळी अशी मध्येच सुटल्यामुळे होते. ही गोळी एकदम सोडायची नसते. आता लगेच मोठी घ्यायची नाही, आधी येऊन भेटा. देवमन दुसऱ्या दिवशी तिला घेऊन गेला. लहान कॅप्सूलपासून पुन्हा सुरुवात झाली, आणि पुन्हा तेच, चार ते सहा आठवडे. डॉक्टरबाई म्हणाल्या म्हणे, उपासाचं मीच विचारायला हवं होतं. भगर खा, साबुदाणा खा, त्यावर घ्या, पण घ्या.

सांगितलं सगळं, तरी पुढं नवरात्र होतं. संध्याचे नऊ दिवसांचे उपास असतात. घटस्थापनेच्या सकाळी मी ओट्यावर होतो आणि माझ्या पोटात सात कॅप्सूल होत्या, आणि खरं सांगतो, मला धीर नव्हता. तिनं घट बसवला, भगर खाल्ली, हात धुतले. माझ्याकडे पाहिलं. मग दुसरीकडे पाहिलं.

तेवढ्यात सीमाचा फोन आला. लीलाबाईंना नीट ऐकू येत नाही, म्हणून त्या फोन नेहमी मोठ्या आवाजात लावतात. सीमा विचारत होती की वहिनीची ती गोळी परत चालू केली असं ऐकलं, खरं का? त्या गोळीचं नाव माहीत आहे का तुम्हाला? लोक काय म्हणतील?

लीलाबाईंनी ओट्यावरून आपली बीपीची गोळी घेतली. दुसऱ्या हातानं माझं झाकण काढलं आणि त्या दिवसाची कॅप्सूल उचलून संध्याच्या तळहातावर ठेवली. मग फोनकडे तोंड करून म्हणाल्या, "सीमा, तेरा वर्षं झाले मी गोळी खाऊन राहिली. माह्या गोळीचं नाव तुनं एक दिवस तरी इचारलं का?"

एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. लीलाबाईंनी स्वतः पाण्याचा पेला भरला आणि सुनेच्या हातात दिला. तेरा वर्षं तो पेला उलट्या दिशेनं जात होता. संध्यानं कॅप्सूल तोंडात टाकली, पाणी प्यायली आणि तशीच पेला धरून उभी राहिली.

दसऱ्याचा झेंडू तिला तोडता आला नाही. मजुरांनी तोडला. तिचं अंग अजून दुखतं, आज मी तुमच्याशी बोलतोय तेव्हासुद्धा ती खुर्ची घेऊन भाजी चिरते आहे. गेलेले महिने कोणी परत देत नाही, म्हणून माझा राग काही गेलेला नाही. मित्रांनो, तुमच्या घरात कोणी दुखतं म्हणत असेल आणि कागद नॉर्मल म्हणत असतील, तर माणसाचं ऐका. तिच्या गोळीचं नाव शोधत बसू नका. आज घेतलीस का, एवढं विचारा आणि पाणी तुम्ही आणून द्या.